चुलवाण पेटतं ठेवण्याची किंमत

(कोल्हापुरात उद्यमनगरातले गॅरेजवाले, फौंड्रीतले कारागीर आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या दुकानात एक पोरगा आला. चार-पाच वर्षं जुनी पेट्रोल टर्बो हॅचबॅक, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये मोटार रॅलीच्या शर्यतीतल्या गाडीचा व्हिडिओ. गाडी वळणाला येते, ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो आणि मागून बंदुकीचे बार काढल्यासारखा आवाज येतो, ठो-ठो-ठो. वळण संपतं आणि गाडी क्षणाचाही उशीर न करता सुटते. पोरगा म्हणाला, ‘काका, हे अँटी-लॅग माझ्या गाडीला बसवायचंय. गाडीला खाली पिकअपच नाही. पन्हाळ्याला चढताना जीव जातो.’

मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि तासभर बोललो. त्या तासाभराचंच आज भाषण झालंय असं समजा. सव्वीस वर्षं मी टर्बो खोलतोय. आधी ट्रकचे, मग उसाच्या ट्रॅक्टरचे आणि जनरेटरचे, आणि गेल्या काही वर्षांत तुमच्या-आमच्या छोट्या पेट्रोल गाड्यांचे. अँटी-लॅगबद्दल इतक्या जणांनी विचारलं की एकदा सगळ्यांसमोर सविस्तर बोलावं असं वाटलं. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे कुठे लांबलं तर सांभाळून घ्या.

टर्बो म्हणजे काय हे इथल्या निम्म्या लोकांना माझ्याइतकंच माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. एका शाफ्टवर दोन चाकं. एक चाक सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतं, ते टर्बाइन. दुसरं त्याच शाफ्टवर फिरून इंजिनात हवा दाबून भरतं, तो कॉम्प्रेसर. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने या कल्पनेचं पेटंट घेतलं ते १९०५ साली. जो वायू आपण फुकट बाहेर सोडत होतो, त्याच्याकडूनच हवा भरण्याचं काम करून घ्यायचं. छोट्या गाडीचं टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतं. दोन लाख! आपल्या लेथचा चक दोन हजारावर गेला तरी आपण एक पाऊल मागे सरकतो.

आता अडचण अशी की हे चाक आपोआप फिरत नाही, त्याला वायू लागतो. वायू यायला इंजिनात जाळ हवा, जाळाला हवा हवी, आणि हवा वाढवायला चाक फिरलेलं हवं. तुम्ही पाय दाबता त्या क्षणी इंजिन टर्बोकडे बघतं आणि टर्बो इंजिनाकडे. दोघं एकमेकांना उचलत वर जातात, त्यात जो वेळ जातो तो लॅग. आपल्या भाषेत, ‘टर्बो लागायला वेळ लागतो.’

पण पन्हाळ्याला चढताना त्या पोराच्या गाडीला जे होत होतं ते लॅग नव्हतंच. हा फरक नीट कळला नाही तर पुढचं सगळं बोलणं वाया जाईल, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये १२००-१३०० आरपीएमवर चढ चढताय. त्या आरपीएमला इंजिनातून निघणारा वायू इतका कमी असतो की पाय पूर्ण दाबून दहा सेकंद थांबलात तरी टर्बोला पुरेसा जोर येत नाही. वाट बघून उपयोग नाही, कारण त्या आरपीएमला द्यायला त्याच्याकडे काहीच नाही. ही झाली टर्बोची खालची मर्यादा. एके काळी घरोघरी दिसणारं ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन आठवा. १८००-२००० च्या खाली मुकाट, आणि वर गेलं की एकदम मागून कुणी ढकलल्यासारखं. त्याला सगळे ‘लॅग आहे’ म्हणायचे. खरं तर ती मर्यादा होती, आणि त्यावर औषध एकच, एक गिअर खाली टाकणं. लॅग म्हणजे काय, तर आरपीएम पुरेसे आहेत, ३०००-४००० आहेत, तुम्ही पाय उचलला होता, आता परत दाबला आणि तरीही अर्धा-एक सेकंद गाडी विचार करत बसते. त्या अर्ध्या सेकंदावरचा उपाय म्हणजे अँटी-लॅग. चढावरच्या १२०० आरपीएमचं दुखणं त्याने बरं होत नाही, कारण तिथे त्याच्याजवळही चाक फिरवायला पुरेसा वायू नसतो.

आता अँटी-लॅग करतं काय? इथे बरेच जण करवीर, कागल, राधानगरीकडचे आहेत, गुऱ्हाळ सगळ्यांनी पाहिलंय. काहिलीतला पाक झाला, काहील उतरली, गूळ वाफ्यात ओतला. पुढचा रस चढायला अजून वेळ आहे. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, जाळ घालणारा माणूस काय करतो? चिपाड घालायचं थांबवलं तर जाळ पडणार आणि पुढच्या काहिलीला उकळी यायला उशीर होणार. म्हणून काहील नसतानाही तो थोडं थोडं चिपाड टाकत राहतो. त्या चिपाडाचा गूळ होत नाही, ते फक्त चुलवाण तापलेलं ठेवतं.

अँटी-लॅग नेमकं हेच करतं. एरवी तुम्ही पाय उचलला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, मिटतो, हवा बंद, वायू बंद, आणि टर्बाइन मंदावतं. अँटी-लॅग लावलेल्या गाडीत पाय उचलल्यावरही थ्रॉटल थोडा उघडा राहतो, किंवा बाजूने एका व्हॉल्व्हमधून हवा आत सोडली जाते. पेट्रोलही चालू राहतं. मग गाडी पळत का नाही? कारण ठिणगी खूप उशिरा पडते. एरवी पिस्टन वर पोचायच्या आधी ठिणगी पडते. इथे पिस्टन वरून खाली यायला लागल्यावर, टॉपनंतर क्रँक ३०-४० डिग्री फिरल्यावर. त्यामुळे जळणारा वायू पिस्टनला धड ढकलत नाही, आणि जळणं संपायच्या आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. उरलेला जाळ मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांत, फुटतो, तोच तो ठो-ठो. त्या स्फोटांचा वायू थेट टर्बाइनवर आदळतो आणि चाक फिरतं राहतं. पाय परत दाबला की दाब तयारच असतो.

दुसरा प्रकार जास्त सफाईदार. त्यात कॉम्प्रेसरने दाबलेली हवा एका पाईपने थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये नेतात, आणि तिथे न जळलेलं पेट्रोल तिच्यात जळतं. टोयोटाने रॅलीच्या नियमांसाठी काढलेल्या सेलिका जीटी-फोरमध्ये, १९९४ च्या मॉडेलमध्ये, अशी पाईपं कारखान्यातूनच बसवून यायची. आणि रस्त्यावरच्या गिऱ्हाइकासाठी ती यंत्रणा बंद ठेवलेली असायची! ज्यांनी ती बनवली, त्यांनीच ती घरी नेणाऱ्या माणसासाठी चालू केली नाही. हे मी त्या पोराला दोनदा सांगितलं.

मग रॅलीवाले हा सगळा खटाटोप का करायचे? हौस म्हणून? नाही. या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते एका भोकात आहे.

जागतिक रॅलीत वेग फार वाढले, तेव्हा नियम करणाऱ्यांनी टर्बोच्या तोंडावर एक गळा बसवायला लावला. त्याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. सुरुवातीला तो मोठा होता, मग कमी करत १९९५ पासून ३४ मिलिमीटर. इंजिनात जाणारी सगळी हवा या ३४ मिलिमीटरच्या भोकातूनच जाणार. हवेचा वेग त्या गळ्यात आवाजाच्या वेगाला पोचला की संपलं, त्यापुढे तुम्ही कितीही ओढा, एक ग्रॅमही जास्त हवा जात नाही. हिशेब करून बघा, सेकंदाला साधारण २०० ग्रॅमच्या थोडं वर हवा मिळते आणि तेवढ्या हवेत जळणाऱ्या पेट्रोलमधून ३०० अश्वशक्तीच्या आसपास निघते. थोडं इकडे-तिकडे, पण दुप्पट कुणीही काढू शकत नाही.

म्हणजे वरच्या आरपीएमला ताकद वाढवण्याचा रस्ता सगळ्यांसाठी सारखाच बंद. मग फरक कुठे पडणार? खालच्या आणि मधल्या आरपीएमला, जिथे हवा त्या मर्यादेला पोचलेली नाही. तिथे दाब वाढवा, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर वाढवा, आणि पाय दाबल्या क्षणी तो टॉर्क हजर ठेवा. रॅलीचा रस्ता म्हणजे वळणामागून वळण. एका टप्प्यात शेकडो वेळा पाय उचलायचा आणि परत दाबायचा. प्रत्येक वेळी अर्धा सेकंद गेला तर टप्प्याच्या शेवटी मिनिटांचा फरक पडतो. म्हणून तिथे चुलवाण विझू द्यायचं नाही. त्यासाठी टर्बो जळालं तरी चालेल, कारण सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे टप्प्यांमधल्या दुरुस्तीच्या तळावर, नवीन टर्बो घेऊन माणसं उभी असतात.

हवेची किंमत त्यांना किती होती बघा. १९९५ च्या स्पेनमधल्या कॅटालुनिया रॅलीत टोयोटाच्या गाड्यांमध्ये अशी एक युक्ती सापडली की टर्बो बसवून घट्ट केल्यावर रिस्ट्रिक्टरच्या बाजूने गुपचूप जास्त हवा जायची, आणि खोलून तपासायला गेलं की सगळं नियमाप्रमाणे दिसायचं. इतकं बारीक काम की बघणारे थक्क झाले. त्या वर्षीचे सगळे गुण गेले आणि टीमवर वर्षभराची बंदी आली. काम चुकीचं होतं, शिक्षा योग्यच होती. पण थोड्याशा हवेसाठी एवढी मोठी कंपनी असली जोखीम घेते, यावरून त्या खेळात हवा हेच चलन होतं हे कळतं. अँटी-लॅग त्या खेळातलं आहे. माझ्या मते त्या खेळात ते शंभर टक्के योग्य होतं, आणि ज्याने पहिल्यांदा ते चालवून दाखवलं त्याला मी मनापासून मानतो.

आता कोल्हापूरला येऊ.

या खोलीत फौंड्रीवाले बसलेत, त्यांच्यापुढे उष्णतेवर मी काय बोलणार! पण गाडीवाल्यांसाठी सांगतो. साध्या चालण्यात पेट्रोल गाडीच्या टर्बाइनपाशी ७००-८०० अंश सेल्सिअस असतं, जोर लावला की ९०० च्या वर. अँटी-लॅग चालू असताना वायू १००० अंशांच्या वर जातो, आणि तेही तुम्ही पाय उचललेला असताना, म्हणजे एरवी मॅनिफोल्डला जरा गारवा मिळायचा त्या वेळी. फौंड्रीत धातूचा रंग बघून तापमान सांगणारी माणसं इथे आहेत. मॅनिफोल्ड काळपट लाल दिसलं तर ७०० च्या आसपास, चेरीसारखं लाल तर ८००, आणि नारिंगी दिसलं तर विचारूच नका.

आपण इथे ओततो ते साधं एसजी आयर्न, म्हणजे नेहमीचं चिवट ओतीव लोखंड, या कामाला लांबूनही चालत नाही. सिलिकॉन-मॉलिब्डेनम घातलेलं आयर्न ८००-८५० पर्यंत तग धरतं. त्यावर निकेल जास्त असलेलं नी-रेझिस्ट, त्यावर स्टेनलेसचं कास्टिंग, ते १०५० पर्यंत जातं आणि किमतीनेही तसंच वर जातं. टर्बाइनचं चाक तर निकेलच्या मिश्रधातूचं, इन्कोनेल ७१३ सारखं. कंपनी गाडी बनवते तेव्हा या यादीतली नेमकी तेवढीच पायरी घेते, जेवढी त्या गाडीला लागते. एक रुपया जास्त नाही. तुमच्या हॅचबॅकच्या टर्बोचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तुमच्या हॅचबॅकच्या उष्णतेसाठीच ओतलेलं आहे.

आणि नुसतं तापमान मारत नाही. तापणं-निवणं, तापणं-निवणं, हे मारतं. धातू फुगतो, आवळतो, आणि जिथे जाड भाग पातळ भागाला मिळतो तिथे केसाएवढी चीर पडते. टर्बोच्या दोन तोंडांमधली ती पातळ भिंत असते ना, नव्वद टक्के वेळा चीर मला तिथेच सापडते. त्यात स्फोटांचा मार वेगळा. टर्बाइनच्या पात्यांना सलग वायूची सवय, इथे हातोड्याचे घाव. तो घाव शाफ्टमधून थ्रस्ट बेअरिंगवर जातो. बेअरिंगमध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो, त्यावरच सगळा शाफ्ट तरंगत असतो. ते तेल इतक्या उष्णतेत करपून कोळसा होतं, भोकं बुजतात, शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, वाढतो, आणि एक दिवस कॉम्प्रेसरचं चाक हाउसिंगला घासतं. तेव्हा येणारी शिट्टी इथल्या प्रत्येक मिस्त्रीच्या कानात बसलेली आहे.

टर्बोच्या मागे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तो बहुतेक वेळा टर्बोला अगदी चिकटून असतो, कारण लवकर तापला पाहिजे. न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन जळलं की आतली सिरॅमिकची जाळी वितळते. मी अशी जाळी बाहेर काढली आहे, मधाचं पोळं उन्हात ठेवल्यासारखी बसलेली. मग गाडी श्वास सोडू शकत नाही, पिकअप उरलासुरला तोही जातो, आणि नवीन कॅटचा भाव ऐकून माणूस खुर्चीत बसतो. काही जण सांगतात, कॅट काढून सरळ पाईप टाका. नका टाकू. आपल्या मागून सायकलवर शाळेची पोरं येत असतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याचं एवढंच सांगून पुढे जातो.

कारण मला खरी भीती वाटते ती ब्रेकची. ही गोष्ट मी अजून कुणाला नीट सांगताना ऐकलेली नाही, म्हणून आवाज वाढवून सांगतो.

पेट्रोल गाडीचा ब्रेक हलका का लागतो? पेडलच्या पुढे तो गोल डबा असतो, बूस्टर. त्याला व्हॅक्यूम लागतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो व्हॅक्यूम इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधून येतो, आणि मॅनिफोल्डमध्ये तो तयार होतो थ्रॉटल मिटलेला असताना. अँटी-लॅग काय करतं? नेमका तोच थ्रॉटल उघडा ठेवतं. पाय उचललाय, ब्रेक दाबायची वेळ आलीय, आणि व्हॅक्यूम नाही. पहिल्या दोन-तीन दाबांना डब्यात साठलेला पुरतो, मग पेडल दगडासारखं. रॅलीची गाडी तिच्या ब्रेकसकट वेगळी बांधलेली असते. तुमची नसते.

त्यात इंजिन ब्रेकिंगही जातं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना, किंवा आंबा घाट उतरताना, आपण दुसऱ्या गिअरमध्ये टाकून पाय सोडतो आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. आपल्या वडिलांनी शिकवलंय हे, ‘उतारावर न्यूट्रल टाकायचं नाही.’ थ्रॉटल उघडा असेल तर इंजिन धरत नाही, उलट जरासं ढकलतं. पावसाळ्यात धुकं, पुढे उसाची ट्रॉली, खाली दरी, आणि गाडी धरायला इंजिन नाही, ब्रेकला मदत नाही. अशी गाडी माझ्या हातून कुणाला जावी हे मला सहन होणार नाही. म्हणून मी ते काम घेत नाही. पैसे कितीही मिळोत.

(श्रोत्यांतून प्रश्न: ‘पण बाजारात तीन-चार हजारांत अँटी-लॅगचा मॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग, टाकून देतात, त्यांच्या गाड्या तर चालतात.’)

चांगला प्रश्न. त्यांच्या गाड्या चालतात कारण त्यात अँटी-लॅग नसतंच! त्याला फार तर फटाक्यांचा मॅप म्हणा. पाय उचलल्यावर काही क्षण ठिणगी उशिरा टाकायची, थोडं पेट्रोल सोडायचं, की मागे फडफड आवाज येतो. पण हवा सोडलेली नसते, किंवा नावापुरती असते, त्यामुळे टर्बाइनला जोर मिळतच नाही. दोन सेकंदांनी पाय दाबा, लॅग होता तेवढाच आहे. कॅट मात्र तापतो, पेट्रोल जातं आणि रात्री अकराला रंकाळ्यावर म्हातारी माणसं दचकून उठतात. बुलेटच्या फटाक्यांचा त्रास आपल्या शहराने कमी सोसला का, की आता गाड्यांचेही सुरू करायचे? ज्यांना आवाज आवडतो त्यांच्यावर माझा राग नाही. मलाही इंजिनाचा आवाज आवडतो, नाहीतर या धंद्यात आलो नसतो. पण आवाज विकत घेऊन ‘माझा लॅग गेला’ असं समजू नका.

आणखी एक प्रकार, जागेवर उभं राहून आरपीएम धरायचे, ठिणगी तोडत राहायची आणि दाब तयार करून गाडी सोडायची. ड्रॅगवाले, म्हणजे सरळ रस्त्यावर शर्यत लावणारे, ते करतात. ते फक्त सुटण्यापुरतं. आणि डिझेलवाल्यांनी तर हा विषयच सोडून द्या. डिझेलला ठिणगी नाही, उशिरा काय टाकणार? एकाने स्कॉर्पिओला अँटी-लॅग बसवता का म्हणून विचारलं होतं. त्या इंजिनाच्या टर्बोत आधीच हलणारी पाती आहेत. कमी वायू असताना ती मिटून वायूला अरुंद वाटेने जोरात पाठवतात, वायू वाढला की उघडतात. बागेत पाईपच्या तोंडावर अंगठा धरतो ना आपण, तसं. लॅगवरचं इतकं सुंदर उत्तर त्या गाडीत बसलेलं आहे, फक्त काजळीने ती पाती अडकलेली असतात. साफ करा, गाडी परत उठेल.

त्या पोराच्या गाडीचं काय झालं ते राहिलंच. मी म्हटलं, आधी बघू तरी. इनटेकचं एक तोंड बंद केलं, दुसरीकडून हवेचा थोडा दाब दिला आणि साबणाचं पाणी मारलं. दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकुलरच्या खालच्या होजला, क्लॅम्पच्या जवळ, बोटभर चीर. जोर आला की ती उघडायची, टर्बोने दाबलेली हवा तिथून बाहेर. कुणीतरी आधी काम करताना क्लॅम्प तिरका आवळला होता. शिवाय वेस्टगेटची झडप नीट बसत नव्हती, थोडा वायू टर्बाइनला चुकवून निघून जायचा. होज बदलला, ती झडप हलवणाऱ्या ॲक्च्युएटरचा रॉड जुळवला. अर्ध्या दिवसाचं काम. संध्याकाळी त्याला घेऊन मी स्वतः पन्हाळ्याला गेलो. वाघबीळच्या चढाला त्याला सांगितलं, आता दुसरा टाक, २५०० वर ठेव, आणि दाब. तो काही बोलला नाही, नुसता हसला. ते हसू मला अजून दिसतं.

मला सांगायचंय ते हेच की लोक ज्याला लॅग म्हणतात तो बहुतेक वेळा कुठेतरी गळणाऱ्या हवेचा, अडकलेल्या झडपेचा किंवा चुकीच्या गिअरचा प्रश्न असतो. आणि तो तसा नसेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी हौसेने मोठं टर्बो बसवलेलं असतं. विद्यार्थ्यांनो, हे वहीत लिहून घ्या. एकाच घडणीची, एकाच धातूची दोन चाकं असतील तर फिरवायला होणारा विरोध व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. ४६ मिलिमीटरचं चाक काढून ५२ चं घातलं, फक्त ६ मिलिमीटर वाढवले, तर तो विरोध साधारण ८५ टक्क्यांनी वाढतो. डोळ्यांना तर फरकही दिसत नाही! लोक आधी मोठं चाक घालतात, मग लॅग आला म्हणून अँटी-लॅग मागतात. आधी घर मोठं बांधायचं, मग सारवायला माणूस शोधायचा.

मोठ्या कंपन्यांनी हा प्रश्न कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. व्होल्वोने २०१६ च्या सुमाराला डिझेल गाड्यांत एक छोटी हवेची टाकी दिली, दोन लिटरची. सुटताना त्यातली दाबलेली हवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये सोडायची, चाक फिरलं, संपलं. जाळ नाही, फटाका नाही. फोर्डने २०१९ च्या फोकस एसटीमध्ये अँटी-लॅग हाच शब्द वापरला, पण पाय उचलल्यावर थ्रॉटल काही काळ उघडा ठेवून कॉम्प्रेसरकडे हवा उलटी जाऊ नये एवढंच केलं, आणि तेही कारखान्यातच. फॉर्म्युला वनने २०१४ साली टर्बोच्या शाफ्टवरच विजेची मोटर बसवली, आणि तीच कल्पना आज मर्सिडीज-एएमजीच्या आणि पोर्शच्या काही रस्त्यावरच्या गाड्यांत आलीय. वायूची वाटच बघायची नाही, वीज चाक फिरवते. माझ्या मते पुढची वाट हीच आहे. चुलवाण पेटतं ठेवायची गरजच उरणार नाही.

(एका विद्यार्थिनीचा प्रश्न: ‘सर, आमची फॉर्म्युला स्टुडंटची, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेची, टीम आहे. आम्हाला २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर आहे. म्हणजे रॅलीसारखीच परिस्थिती. आम्ही टर्बो लावणार आहोत. आम्ही अँटी-लॅग करावं का?’)

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण या खोलीत ज्यांना हा प्रश्न खरोखर लागू पडतो अशा फक्त तुम्हीच आहात. ३४ ला ३०० म्हटलं, तर २० मिलिमीटरला क्षेत्रफळाच्या हिशेबाने शंभर-एक अश्वशक्तीच्या आसपास तुमची मर्यादा येते. वर काही मिळणार नाही, मधल्या आरपीएमला टॉर्क हवा, ट्रॅक वळणावळणाचा. तर्काने तुमची बाजू बरोबर आहे.

पण तुमच्या स्पर्धेत रॅलीपेक्षा दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, साधारण २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, पुरी करायची असते, मध्ये टर्बो बदलून द्यायला कुणी नाही. दोन, इंधन किती लागलं याचेही गुण असतात. चुलवाणात टाकलेलं प्रत्येक चिपाड तिथे तुमच्या गुणांतून कापलं जाणार. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आधी सगळ्यात लहान चाकाचं टर्बो शोधलं असतं, शंभर अश्वशक्तीला पुरेल एवढंच, रुबाबासाठी एक मिलिमीटरही जास्त नाही. मॅनिफोल्डची पाईपं जितकी आखूड करता येतील तितकी, टर्बो हेडच्या जवळ, इंटरकुलरमधली जागा कमी, म्हणजे भरायची हवाच कमी. हे सगळं करून, डेटा घेऊन, वळणातून बाहेर पडताना दाब यायला किती वेळ लागतो ते मोजा. तो आकडा तरीही सलत असेल, तर थोडी हवा आणि थोडी उशिराची ठिणगी, फक्त ऑटोक्रॉसच्या, म्हणजे एकाच वेगवान चकरेच्या, फेरीपुरती, एन्ड्युरन्सला बंद. मॅनिफोल्डवर तापमान मोजणारं थर्मोकपल लावल्याशिवाय मात्र एकदाही नाही.

आणि मॅनिफोल्ड कशाचं करणार आहात? एसएस ३०४ च्या पाईपचं? मग या शनिवारी दुपारी दुकानात या, येताना ड्रॉइंग आणा. वेल्डिंगचे जोड कुठे तडकतील ते पेन्सिलने दाखवतो. समोरच्या रांगेत बसलेल्या फौंड्रीवाल्या दादांना मी आत्ताच विचारतो, तेही येतील.